सायमन यांनी माणसाला अविचारी म्हटलेलं नाही

‘माणूस अविचारी असतो हे सिद्ध केल्याबद्दल हर्बर्ट सायमन यांना नोबेल मिळालं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. १९७८चं अर्थशास्त्राचं पारितोषिक त्यांना आर्थिक संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवरच्या संशोधनासाठी मिळालं. सायमन म्हणतात, माणूस विचार करतोच. पण माहिती, वेळ आणि डोक्याची ताकद तोकडी पडते. म्हणून तो सर्वोत्तमाच्या मागे न लागता मनाशी एक किमान अपेक्षा धरतो आणि ती पुरी करणारा पर्याय सापडला की शोध थांबवतो. याला ‘चालतंय की’ समजू नका. पर्याय सहज मिळू लागले तर ती अपेक्षाही वाढते. आणि हो, त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, अर्थशास्त्रातली नव्हे. नोबेलच्या आधी, १९७५मध्ये सहकारी ॲलन न्यूएल यांच्यासोबत संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिकही त्यांना मिळालं होतं!