पापणीचं गाऱ्हाणं

कोकणात माणसाला काय वाटेल ते व्हावं, पण तोंडावर होऊ नये. साखर वाढली तर ती रक्तात राहते, गुडघे कुरकुरले तर ते लेंग्यात झाकतात, मूळव्याधीची तर गोष्टच सोडा. पण पापणीवर गाठ उठली की ती तुमची राहत नाही, वाडीची होते. माझ्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर ती आली आणि घरापासून सोसायटीच्या कचेरीपर्यंतची वाट एकदम लांबली. दर खळ्यातून तोच प्रश्न, "काय रे, डोळ्याक काय झाला?" आणि माझं उत्तर तोंडात असतानाच पुढचं वाक्य, "रांजणवाडी ती! मी सांगतंय ता कर."

सांगणं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. खालच्या घरची काकी म्हणाली, खारकेची बी सहाणेवर उगाळून लाव. तिच्या जावेचा कौल लवंगेला. दोघींचं एरवीही पटत नाही, त्यात माझ्या पापणीने नवा मुद्दा पुरवला. पोस्टमनने सायकलवरून न उतरताच तळहातावर बोट घासून गरम कसं करायचं आणि डोळ्याला कसं टेकवायचं ते करून दाखवलं. कारणांचाही तोटा नव्हता. आईने खापर फणसाच्या गऱ्यांवर फोडलं, "उष्णता भायर पडता ती." आतेने आवाज खाली आणून विचारलं, "खयच्या कुत्र्याक परसाकडे बसलेला बघितलंस काय?" हे कारण खरं असतं तर आमच्या अख्ख्या तालुक्याला डोळे उघडता आले नसते.

सगळ्यांत मोठा अधिकार शेजारच्या नानांचा. नानांचा मुतखडा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, त्यांच्या शोकेसमध्ये, नातवाच्या क्रिकेटच्या ढालीशेजारी ठेवलेला आहे. आलागेला चहा प्यायला की बाटली हातात येते, हलवली जाते आणि खड्याचा आवाज ऐकवला जातो. नानांनी माझी पापणी खालून-वरून न्याहाळली आणि विचारलं, "दुखता काय?"

"नाही."

"मग कसली रांजणवाडी?" असं म्हणून ते उठलेच. न दुखणाऱ्या आजाराबद्दल त्यांना आदर नाही.

पण नेमकं बोट त्यांनीच ठेवलं होतं. रांजणवाडी म्हणजे जंतूंचा कारभार. पापणीच्या केसाच्या मुळाशी ती लाल होते, ठणकते, पू धरते आणि बहुधा काही दिवसांत फुटून मोकळी होते. माझी गाठ तशी नव्हती. केसांच्या ओळीपासून जरा वर, टणक आणि गोल. बोटाने चाचपली तर वरची कातडी तिच्यावरून मोकळी सरकायची, गाठ मात्र जागची हलायची नाही. दुखणं नाही, पू नाही, नुसती बसून. सोसायटीच्या खातेवहीत एकाच कर्जदाराच्या नावाच्या दोन ओळी दिसायला लागल्या, तेव्हा मी कुडाळची एस्टी धरली. वसुलीच्या दिवसांत कर्जदार दुप्पट दिसणं सचिवाला परवडत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे बाकावर सगळी मोतीबिंदूची मंडळी. त्यांच्यात मी एकटाच असा, की ज्याचा आजार समोरच्याला दिसत होता आणि समोरच्याला स्वतःला धड दिसत नव्हतं. तिथे मला बऱ्याच दिवसांनी शांतता मिळाली.

बाईंनी मला खाली बघायला सांगितलं, पापणीचे केस धरले आणि एका बारीक काडीवरून पापणी अशी उलटी केली, की मी ओरडायचं ठरवेपर्यंत काम झालंही होतं. मग त्यांनी समजावलं. आपल्या पापण्यांत तेलाच्या ग्रंथी असतात, उभ्या ओळीने लावलेल्या. वरच्या पापणीत साधारण 30 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. आपण डोळा मिटला की प्रत्येकीतून तेलाचा अंश बाहेर येतो आणि अश्रूंवर त्याचा पातळ थर पसरतो. तो नसेल तर अश्रू उडून जातात आणि डोळा कोरडा पडून चुरचुरतो. या ग्रंथींना मायबोमियन म्हणतात. हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचं वर्णन लिहिलं. मी मनात हिशेब केला. त्या साली महाराज आग्र्याहून निसटले, मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे तट चढत होते, आणि तिकडे हा गृहस्थ लोकांच्या पापण्या उलट्या करून बसला होता. ज्याचा त्याचा किल्ला.

तर यातल्या एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजतं. आत तेल तयार होतच राहतं, दाटतं आणि वाट न मिळाल्याने ग्रंथी फुटून आजूबाजूच्या मांसात झिरपतं. शरीराला स्वतःचंच तेल तिथे परकं वाटतं. ते त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं, आणि तो वेढा म्हणजे ही गाठ. तिचं नाव कॅलेझिऑन. जंतूंचा संबंध नाही, संसर्ग नाही, एकाची दुसऱ्याला होत नाही. फणस निर्दोष, कुत्राही निर्दोष. दुप्पट दिसण्याचं कारणही कळलं. गाठ मोठी झाली की बुबुळावरचा पारदर्शक पडदा दाबते, त्याचा गोलावा बिघडतो आणि नजर अंधुक होते. "पापण्यांच्या कडांना कोंडा धरतो का तुमच्या?" बाईंनी विचारलं. धरत होता. पापण्यांच्या कडा सतत सुजऱ्या राहणाऱ्यांना या गाठी जास्त होतात.

"मग गोळ्या?" मी विचारलं.

"नको. जंतू नाहीत तर त्या मारणार कोणाला?"

"इंजेक्शन?"

"शेक द्या. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. बहुतेक गाठी काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत विरतात. आणि काही झालं तरी पिळू नका."

एस्टीचं भाडं, तपासणीची फी, अर्ध्या दिवसाची रजा, आणि हातात चिठ्ठी कोरी. घरी आल्यावर आईने पिशवी उलटीपालटी करून बघितली. "औषध खंय?" मी सांगितलं, गरम पाण्याचा शेक. आईचा चेहरा पडला. ज्या औषधाला रंग नाही, चव नाही आणि पावती नाही, त्याच्यावर आमच्याकडे कोणाचा जीव बसत नाही. "ता तर मी फुकट सांगितलंय असता," ती म्हणाली. सांगितलं मात्र नव्हतं.

शेक म्हटलं की सोपं वाटतं. कापूस गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, डोळ्यावर ठेवायचा. तो मिनिटभरात गार होतो. म्हणजे दहा मिनिटांच्या शेकात नऊ मिनिटं धावपळ. उपयोग तर नुसत्या उबेचा नाही, धरून ठेवलेल्या उबेचा असतो. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते तेव्हा आपण ती उन्हात ठेवतो आणि तेल पुन्हा वाहायला लागतं, तसंच हे. फरक इतकाच की खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं आणि पापणीतलं दाटलेलं तेल त्याहून बरंच हट्टी, त्याला 40 अंशांच्या आसपासची ऊब हवी. आणि ती बाटलीला नव्हे, डोळ्याला द्यायची, म्हणून आधी मनगटावर टेकवून बघायचं.

मुंबईच्या चुलतभावाने फोनवर तोड सुचवली. स्वच्छ मोज्यात तांदूळ भरायचे, गरम करायचे, ऊब टिकते. मी नवा मोजा काढला आणि उकड्या तांदळाच्या डब्यात हात घातला. तेवढ्यात आई मागे उभी. "अन्न मोज्यात भरतंस?" इतक्या हळू आवाजात ती फक्त गंभीर गुन्ह्यांबद्दल बोलते. शेवटी तिने धुतलेल्या पंचाचा तुकडा फाडला, मूठभर तांदूळ त्यात घातले, पुरचुंडी बांधली आणि तव्यावर फिरवून दिली. काम उत्तम झालं. अडचण एवढीच, की गरम उकड्या तांदळाचा वास नाकाजवळ दहा मिनिटं राहिला की माणसाला पेज आठवते. शेकाच्या त्या दिवसांत माझं वजन वाढलं.

शेकानंतर बोटाने मालिश. बोट स्वच्छ, वरच्या पापणीवर वरून खाली, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. मग पापण्यांच्या कडा धुणं, त्याला बाईंनी लहान मुलांचा शॅम्पू पाण्यात पातळ करून वापरायला सांगितला होता. तो मी तिठ्यावरच्या दुकानातून आणला. दुकानदाराने बाटली दिली, माझ्याकडे बघितलं, पैसे घेतले आणि पुन्हा बघितलं. संध्याकाळपर्यंत बायकोला तीन जणींनी विचारलं, "कितवो महिनो?" आमचा धाकटा बारावीला आहे.

अशात चतुर्थी आली. चाकरमानी आले आणि प्रत्येकाने मोबाईलमध्ये माझा आजार शोधून मलाच वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर वाडीतल्या सर्वांत वयस्कर तात्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. पोरांच्या नोकऱ्या झाल्या, कोणाची सोयरीक झाली, मग तात्यांची नजर माझ्याकडे वळली.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराच्या पापणीर जी काय गाठ इली हा, ती कोणाची नजर असात, वाडवडलांची काय चूकभूल असात, तर ती पदरात घे आणि गाठ बारा वेशीभायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्या थांबले. शास्त्रालाही जागा ठेवलेली बरी, असं त्यांच्या मनात आलं असावं. "आणि जर का ती तेलाची नळी चोंदल्यामुळा इली असात, तर नळी मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावर चाकरमानी सर्वांत मोठ्याने ओरडले.

गणपती पाण्यात गेले. गाठ राहिली. जरा लहान झाली होती, पण हटून. गणपती गेल्यावर सारा गाव मासळीबाजारात धावतो, तसा मीही गेलो. बांगडा घेताना डोळे बघायचे असतात, चकचकीत आणि फुगीर हवेत. मी वाकून एकेक बांगडा निरखत होतो, तर मासेवाली मावशी मलाच निरखत होती. "बांगड्याचो काय डोळो बघतंस? असलो डोळो बांगड्याचो असतो, तर मिया तो टोपलीत ठेवलोच नसतो." मी त्याच आठवड्यात कुडाळ गाठलं.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने गाठ आक्रसू शकते, पण सावळ्या कातडीवर कधी फिकट डाग राहतो. पापणीवर पांढरा डाग घेऊन आमच्या गावात परत जाणं म्हणजे पुढच्या चतुर्थीचं गाऱ्हाणं आजच नोंदवणं. मी दुसरी वाट धरली, छेद देऊन साफ करण्याची.

आधी डोळ्यात थेंब, मग पापणीत भूल. एवढं इंजेक्शन तेवढं लागतं, खोटं कशाला सांगू. नंतर एका गोल चिमट्यात पापणी धरून उलटी केली आणि छेद आतल्या बाजूने दिला, म्हणजे चेहऱ्यावर व्रण नाही. छेद उभा. ग्रंथी उभ्या असतात, आडवा दिला तर शेजारच्या धडधाकट ग्रंथीही कापल्या जातील, हे बाई छेद देता देताच सांगत होत्या. मला तेव्हा ज्ञान नको होतं, पण पापणी त्यांच्या हातात होती. मग एका चिमुकल्या खोरणीने आतला ऐवज खरवडून काढला. टाका नाही. पंधरा-वीस मिनिटांत मी डोळ्यावर पट्टी लावून बाहेर, संध्याकाळी पट्टी काढायची, काही दिवस मलम. निघताना त्यांनी बजावलं, हीच गाठ याच जागी पुन्हा आली तर अंगावर काढू नका, तपासायला पाठवावी लागेल. विशेषतः वय झालेल्यांत तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग कधी कधी अगदी असाच साधा चेहरा लावून येतो.

घरी नाना ओट्यावर वाट बघत बसलेले. पट्टी बघून त्यांना इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्याविषयी आदर वाटला. "काय निघाला?"

"थोडं घट्ट, चिकट असं काहीतरी."

"हाडलंस?"

"नाही."

"नाय?" नाना उभे राहिले. "इतके पैशे घातलंस आणि थंयच ठेवन इलंस? लोकांका दाखवतलंस काय?"

तरी नाना मनाने मोठे. माझी अब्रू त्यांनी आपल्या परीने सावरली. दुसऱ्या दिवसापासून तिठ्यावर ते सांगू लागले की ह्याच्या डोळ्यातून खडा काढला, बारीक होता, पण होता. परवा सोसायटीत कर्जाचा हप्ता भरायला आलेल्या एकाने खिडकीत डोकं घालून विचारलं, "भाऊ, मुतखड्यार काय घेतलंस?" मी हप्त्याची पावती फाडली आणि त्याला नानांच्या घरचा रस्ता दाखवला.