बुद्धिबळाचा क्लास वेगळा आणि क्लब वेगळा

विदित आणि बाकी मंडळींनी २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये गोल्ड आणलं आणि आपल्या नाशकात बुद्धिबळाच्या क्लासची चौकशी करणारे पालक जिकडे तिकडे भेटायला लागले. चांगलंच आहे की, पोरगा ग्रँडमास्टर होतो हे आपल्याच गावातल्या विदित गुजराथीने २०१३ मध्ये दाखवून दिलंय. पण क्लासला लोक सर्रास क्लब म्हणतात ना, तिथे माझं डोकं सटकतं.

क्लासमध्ये फी असते, बॅच असते, आणि बाहेर स्कूटीवर बसलेली आई असते जी दर महिन्याला विचारते, सर याचं रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) कधी येणार. क्लबात असलं काही नसतं. टेबलं, पट, घड्याळं, आणि जो रिकामा असेल त्याच्यासमोर जाऊन बसायचं, बस्स. आठवीतलं पोरगं आणि प्रेसमधून रिटायर झालेले काका समोरासमोर, आणि काका हरले की चष्मा पुसत म्हणतात "लाव परत".

आता कुणीतरी म्हणेलच की मोबाईलवर फुकट खेळता येतं मग क्लब कशाला. अरे मोबाईलवर हरलास की तू पुढचा गेम सुरू करतोस, विषय संपला. क्लबात डाव संपला तरी समोरचा उठत नाही, मोहरे मागे घेतो आणि विचारतो, "इथे हत्ती प्याद्याच्या पुढे का नेलास रे?" मग मागून पाठिंबा दिला असता तर प्यादं जसं पुढे सरकतं तसा हत्तीला वाव वाढत जातो, आणि तू पुढे उभा राहून स्वतःचीच वाट अडवलीस, हे तो पटावर हलवून दाखवतो, शेजारच्या टेबलावरचा मधेच नाक खुपसतो, दोघांचं भांडण लागतं, चहा गार होतो. मला विचाराल तर शिक्षण इथे होतं.

शिवाय साध्या गोष्टी. मोबाईल चुकीची चाल खेळूच देत नाही, त्यामुळे राजाला शह बसलाय हे स्वतः बघायची सवयच लागत नाही. खऱ्या पटावर मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा, ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ दाबायचं, चाल खेळली की लगेच शीटवर लिहायची. ॲपवर भारी खेळणारी पोरं पहिल्या स्पर्धेत नेमकी इथेच गडबडतात, आणि फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग मिळवायला तर रेटिंगवाल्या खेळाडूंशी समोरासमोर किमान पाच डाव लागतातच, घरी सोफ्यावर लोळून ते येत नाही.

क्लब ही काय आजची गोष्ट नाही, झुरिकचा तर १८०९ पासून चालू आहे. चेन्नईला मॅन्युएल ॲरन यांनी उभ्या केलेल्या ताल क्लबात लहानपणी आनंद जायचा, तिथे ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, जिंकलास तर बसून राहा, हरलास तर ऊठ आणि परत नंबर लाव, अशी पद्धत. उगाच नाही तो इतका फास्ट खेळायचा! आणि एवढं लांब कशाला, आपल्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, तिथे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात स्पर्धा होत आल्यात.

आपल्याकडे लहान पोरांसाठी सोय होते कशीबशी, पण चाळिशीतल्या माणसाला संध्याकाळी दोन डाव खेळावेसे वाटले तर त्याने जायचं कुठे? क्लासवाले म्हणतात वयोगट काय. १८४० पासून वाचनालय चालवणारं गाव आहे आपलं, बसायच्या जागेची अडचण असेल असं मला तरी वाटत नाही, इच्छेचीच असेल.

सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला कुणाच्या सोसायटीचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असेल तर कळवा. पट मी आणतो. घड्याळं दोनच आहेत माझ्याकडे, आणि त्यातल्या एकाचं बटण जरा जोरात दाबावं लागतं.