‘राजवाड्यासमोरच्या वैमानिका’चे उत्तर

स. न.

विमानात आगीची शंका आल्यास लगेच जवळच्या धावपट्टीकडे वळावे, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर ‘राजवाड्यासमोर पोहे खात विमाने उडवणाऱ्यांनी वैमानिकांना शहाणपण शिकवू नये; स्विसएअर १११ (१९९८ मध्ये आग लागून समुद्रात कोसळलेले विमान) ताबडतोब वळले असते तरी वाचले नसते, हे चौकशी अहवालातच आहे; उगाच प्रवाशांना घाबरवू नका,’ अशी आपली प्रतिक्रिया आहे. शेवटचा आक्षेप काही अंशी मान्य. विमानातला प्रत्येक विचित्र वास आगीचा नसतो, वातानुकूलनाच्या हवेत शिरलेल्या इंजिनतेलाचाही असतो, हे लेखात अधिक ठळक यायला हरकत नव्हती.

पोह्यांबद्दल मात्र बोलणे भाग आहे. इंदूरकराने नाश्ता करून झाल्यावर विचार करू नये, असा नियम बडोद्यात असल्यास कल्पना नाही. मी वैमानिक असल्याचा दावा कुठेही केलेला नाही. माझी सारी नोकरी येथील एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात गेली. पडलेला ब्रेकर (बिघाड होताच वीज तोडणारी कळ) कारण न शोधता पुन्हा चढवू नका, असे मी एका वरिष्ठांना बजावले, तेव्हा त्यांनीही मला आपल्याच सुरात माझी पायरी दाखवली होती; त्याच पाळीत केबलच्या चरातून धूर निघाला. तारेचे आवरण झिजले की ब्रेकर न पडताही ठिणग्या झडत राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि हे विमानातही घडू शकते. स्विसएअरच्या त्या एमडी-११ मध्ये कॉकपिटच्या छतामागच्या पोकळीत, कोणाची नजर पोहोचणार नाही अशा जागी, बहुधा अशाच ठिणगीने उष्णतारोधक अस्तराचे धातूचा मुलामा दिलेले आवरण पेटले. वास जाणवल्यापासून सुमारे वीस मिनिटांत विमान समुद्रात कोसळले आणि २२९ माणसे गेली.

राहिला अहवाल. वळूनही विमान वाचले नसते, हे गणित समुद्रातून तुकडे वेचल्यानंतर मांडलेले आहे. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री वैमानिकांसमोर ते नव्हते, पुढच्या विमानातही कोणासमोर नसेल. म्हणूनच, आग विझल्याची खात्री नसेल तर तपासयादी (धूर दिसल्यावर एकेक करून करायच्या कृतींची यादी) संपण्याची वाट न पाहता जवळच्या धावपट्टीकडे वळावे, एवढेच माझे म्हणणे होते. जून १९८३ मध्ये एअर कॅनडाचे आग लागलेले उड्डाण ७९७ अमेरिकेतील सिनसिनाटीला उतरले, तेव्हा ४६ पैकी २३ जण बाहेर पडू शकले. आगीचा अंदाज घेण्यात आणि खाली येण्याचा निर्णय करण्यात गेलेल्या वेळेने हानी वाढली, असे अमेरिकी चौकशीत नोंदलेले आहे. लेखाचा अर्धा भाग त्या विमानावर होता. आपल्या प्रतिक्रियेत त्याविषयी एक अक्षरही नाही.