‘पेरेस म्हणजे मूळचे ज्यूच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप असा, की ‘पेरेस’ हे स्पॅनिश आडनाव मुळात हिब्रू ‘पेरेत्स’, इस्रायलचे माजी पंतप्रधान शिमोन पेरेस हा त्याचा ढळढळीत पुरावा, वसईचे परेरा त्याच कुळातले, आणि मी माझ्या लिखाणात हे मुद्दाम दडपलं.

आधी पुरावाच पाहू. शिमोन पेरेस १९२३ साली तेव्हाच्या पोलंडमध्ये जन्मले ते पेर्स्की म्हणून. ‘पेरेस’ हे नाव त्यांनी नंतर घेतलं. हिब्रूत ते दाढीवाल्या गिधाडाचं नाव. स्पेनशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि ‘पेरेत्स’शीही नाही. हिब्रूत दोन्हींची शेवटची अक्षरं वेगळी आहेत.

स्पेनमधला पेरेस (तिकडे उच्चार ‘पेरेथ’) म्हणजे पेरोचा, अर्थात पेद्रोचा मुलगा. अकराव्या शतकातला स्पेनचा गाजलेला योद्धा एल सिद, त्याचं घराणं बघा: आजोबा लाईन नुन्येस, वडील दिएगो लाईनेस, स्वतः रॉद्रिगो दिआस. तीन पिढ्या, तीन ‘आडनावं’! आपलं मधलं नाव चालतं तसंच हे. पुढे कधीतरी ते गोठलं आणि पेरेस कायमचं चिकटलं. पेरो तर गल्लोगल्ली होते, त्यामुळे दोन पेरेस एकमेकांचे कुणीच नसणं हेच जास्त संभवतं. पोर्तुगालमध्ये त्याचंच पिरेस झालं.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच, की स्पेनमधल्या १३९१च्या ज्यूविरोधी दंगली आणि १४९२च्या ज्यूंच्या हद्दपारीच्या फर्मानाच्या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या अनेक ज्यूंनी अशी रुळलेली आडनावं घेतली. पण घेतली ती गर्दीत मिसळून जाता यावं म्हणून! आडनावावरून माणूस ओळखू येत असता तर इन्क्विझिशनला (धर्मद्रोही शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाला) शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या पवित्र दिवशी, धुतलेले कपडे कोण घालतं, डुकराचं मांस कोण टाळतं, याच्या चौकश्या कशाला कराव्या लागल्या असत्या? आरोपीला आईवडील, आजी-आजोबा कोण, हेही विचारत.

आडनावावरून रक्त शोधणाऱ्यांनी फिलिपिन्सकडेही बघावं. १८४९मध्ये तिथले स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियांनी आडनावांची छापील यादी काढून तिची पानं गावोगावी वाटली. काही गावांत अजून बहुतेकांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात.

राहिले परेरा. पोर्तुगीजमध्ये ‘परेरा’ म्हणजे नासपतीचं झाड. पेरोचा त्यात काही हात नाही. वसईत ही आडनावं बाप्तिस्म्याबरोबर आली. तेव्हा एखाद्या परेरा घराचं मूळ शोधायचंच असेल, तर स्पेनला जाण्याआधी चर्चच्या नोंदवह्या उघडा.