दहा वर्षं भरली नाहीत म्हणून विधवेला पेन्शन नाही? कुणी सांगितलं?

"पीएफ पेन्शनचं कटू सत्य, शेवटपर्यंत वाचा" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. प्रत्येक मुद्द्यापुढे लाल टिंब, खाली एक मोबाइल नंबर. माझ्याकडे तो आधी दोनतीनदा आला, सोडून दिला. पण परवा मामेबहिणीचा फोन. तिचा नवरा नोकरीत असतानाच गेला, नोकरी जेमतेम चार वर्षांची, आणि ती म्हणते, "दादा, आपल्याला पेन्शन बसत नाहीच ना, मग पीएफचे तेवढे काढून मोकळी होते." का बसत नाही? तर मेसेजमध्ये लिहिलंय म्हणून! डोकंच फिरलं.

तर आधी तोच मुद्दा. मेसेज म्हणतो, "१० वर्षं नोकरी पूर्ण नसेल तर मेंबरला पेन्शन नाही आणि त्याच्या बायकोमुलांनाही नाही."

अहो, १० वर्षांची अट आहे ती मेंबरच्या स्वतःच्या पेन्शनला, ५८ नंतर मिळते ती. माणूस नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना ही अट लागूच होत नाही. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ (म्हणजेच ईपीएस) चा मूळ मजकूर वाचा. परिच्छेद १२ मेंबरच्या पेन्शनचा, परिच्छेद १६ कुटुंबाच्या पेन्शनचा. आणि १६ मध्ये स्वच्छ लिहिलंय की मेंबर नोकरीत असताना गेला आणि पेन्शन फंडात निदान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली की कुटुंबाला पेन्शन लागू. एक महिना! चार वर्षं तर लांबच राहिली. मेसेज लिहिणाऱ्याने १२ वाचून चष्मा काढून ठेवला असणार.

मिळतं काय तेही सांगतो. बायकोला तहहयात पेन्शन, किमान १,००० रुपये. मुलांना वयाच्या २५ पर्यंत, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०, एका वेळी दोन मुलांना, मोठ्याचे २५ भरले की तिसऱ्याचं सुरू. मूल कायमचं पूर्ण अपंग असेल तर त्याला आयुष्यभर. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ पेन्शन, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या ७५ टक्के. शिवाय ईडीएलआय नावाचा विमा असतो, त्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून काही कापत नाहीत म्हणून तो कुणाच्या लक्षातच नसतो, त्यात जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकतात.

नुकसान कसं होतं बघा. पीएफचे पैसे फॉर्म २० ने निघतात, पेन्शनचा फॉर्म १०डी, विम्याचा ५आयएफ. (तिन्ही मिळून एकच कंपोझिट फॉर्मही आहे.) मेसेज वाचलेली बाई फॉर्म २० भरते, खात्यात पैसे येतात, तिला वाटतं संपलं. "ताई, तुमचे बाकीचे दोन राहिले" असं सांगायला कुणी घरी येत नाही. मुलं लहान असली तर वीस वीस वर्षांची पेन्शन असल्या एका फॉरवर्डपायी राहून जाते.

पुढचा मुद्दा, "नोकरी सोडली की पेन्शनचे पैसे लगेच काढा, नाहीतर सरकार खातं." हाही तितकाच घातक. तुमचं पीएफ पासबुक उघडा, शेवटच्या रकान्यात पेन्शनची वर्गणी दिसेल, पगार १५,००० किंवा जास्त असेल तर दर महिन्याला १,२५०. हे कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, १५,००० च्या मर्यादेवर धरलेले. त्या रकान्यात व्याज दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. पण ते बचत खातं नाहीच हो, पेन्शन ठरते ती सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० या हिशोबाने. पैसे काढले की ती वर्षं गेली, पुढच्या नोकरीत पुन्हा शून्यापासून मोजणी. म्हणून १० वर्षं व्हायच्या आत नोकरी सुटली तर फॉर्म १०सी भरून पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या नोकरीच्या वर्षांचा दाखला) घेता येतं, जुनी वर्षं पुढे जोडली जातात.

"अपंगत्वाचा ४० टक्क्यांचा दाखला असला की पीएफमधून पेन्शन" हे पण चूक, ४० टक्क्यांचा निकष इतर सरकारी योजनांचा. इथे अपंगत्व कायमचं आणि पूर्ण लागतं, मेडिकल बोर्ड तपासतं. मात्र अपघात कामावरच झाला पाहिजे असं नाही, आणि इथेही १० वर्षांची अट नाही, हे मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय.

"नॉमिनी आई असेल तर पेन्शन आईला." नाही. नवरा, बायको, मुलं असताना पेन्शन त्यांनाच. लग्नाआधी कुणाचं नाव टाकलं होतं त्याने फरक पडत नाही.

"नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन कायमची बंद." नोव्हेंबरचा नियम सरकारी पेन्शनरांचा. ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. चुकला तर पेन्शन थांबते, दिला की थकबाकीसकट सुरू होते.

"विधवेने पुन्हा लग्न केलं की पेन्शन जाते." हे खरं आहे, मान्य. पण मुलांचं बंद होत नाही, उलट त्यांना अनाथ पेन्शनच्या दराने मिळतं, तेवढं वाक्य मात्र नाही लिहिलं.

आणि हो, "ही पेन्शन म्हणजे भीक" असं जे लिहिलंय त्यावर फार भांडता येत नाही. महागाई भत्ता नाही, नवराबायको दोघं गेल्यावर मूळ रक्कम वारसांना परत नाही, किमान १,००० चा आकडा २०१४ चा. २०१३ मध्येच संसदेच्या कोश्यारी समितीने किमान ३,००० सुचवले होते. पण म्हणून "७,५०० मंजूर झाले" असं ठोकून द्यायचं? ७,५०० ही पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी आहे, रास्त आहे, पण मागणी म्हणजे मंजुरी नव्हे. १५,००० च्या पगारावर वरच्या सूत्राने अख्खी ३५ वर्षं भरली तेव्हा कुठे ७,५०० होतात.

राहिला तो खालचा मोबाइल नंबर, "पेन्शन मिळवून देऊ, फक्त १० टक्के." म्हणजे वर पेन्शन नाही म्हणायचं आणि खाली मिळवून द्यायचे पैसे घ्यायचे! फॉर्म फुकट आहे. सही कंपनीची लागते, कंपनी बंद पडली असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची चालते. कागद पूर्ण असतील तर २० दिवसांत निकाल द्यायचं बंधन पीएफ ऑफिसवर आहे, विनाकारण उशीर केला तर १२ टक्के व्याज, तेही त्याच योजनेत लिहिलंय, परिच्छेद १७ए. बहिणीला म्हटलं १०डी भर, मुलांचे जन्मदाखले आणि बँक पासबुक काढून ठेव, आणि त्या नंबरला ब्लॉक कर.