खुर्ची, पाठ आणि वडिलांची नोकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

ऑफिसची खुर्ची कशी निवडावी, या माझ्या लेखावर आपण फोंड्याहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या वडिलांनी मामलेदार कचेरीत निवृत्तीपर्यंत वेताने विणलेल्या लाकडी खुर्चीवर बसून नोकरी केली आणि त्यांची पाठ कधी दुखली नाही. मागे टेकून काम करण्याचा माझा सल्ला म्हणजे आळसाचे लाड आहेत. टेकायचेच असेल तर बाल्कांवातली, म्हणजे घरापुढच्या ओसरीतली, व्होल्तेर ही मागे रेलायची आरामखुर्ची काय वाईट. आणि वीस हजारांची खुर्ची हा कंपन्यांनी काढलेला धंदा आहे. सूनबाई घरून हिशेबाचे काम करतात आणि त्यांच्यासाठी खुर्ची घेण्यावरून घरात मतभेद आहेत, असेही आपण लिहिले आहे.

वडिलांच्या खुर्चीला मी कुठेही नावे ठेवलेली नाहीत. वेताची बैठक भाराखाली किंचित लवते, तिच्यातून हवा खेळते आणि आपल्याकडच्या दमट हवेत हा गुण लहान नाही. हर्मन मिलर कंपनीने १९९४ साली आणलेल्या, बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी घडवलेल्या एअरॉन खुर्चीत फोमच्या जागी ताणलेली जाळी आली, तिचाही मोठा फायदा हाच होता. परंतु वडील त्या खुर्चीत सलग किती वेळ बसत असतील, याचाही विचार व्हावा. कपाटातली फाईल काढायला उठणे, साहेबांच्या खोलीत जाणे, दारात आलेल्या तलाठ्याशी उभ्याने बोलणे, हे सगळे त्या नोकरीतच होते. सूनबाईंची नजर पडद्यावर आणि हात माउसवर खिळलेला असतो, फाईलसुद्धा त्यांना बसल्या जागी उघडता येते. त्यामुळे पूर्वी उठण्याबसण्यातून पाठीला जी विश्रांती आपोआप मिळत असे, ती आता खुर्चीच्या पाठीकडून मिळवावी लागते.

टेकण्याविषयीचा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ‘ताठ बस’ हे आपण सगळेच शाळेत ऐकत आलो. स्वीडनचे शस्त्रचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. आधाराविना ताठ बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त भरला, पुढे वाकल्यावर आणखी वाढला आणि पाठ मागे टेकल्यावर घटला. बसणे आणि उभे राहणे यांतला फरक पुढच्या मोजमापांत तितका ठळक राहिला नाही. मागे टेकल्याने भार हलका होतो, ही गोष्ट मात्र टिकून राहिली. म्हणूनच पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, साधारण १०० ते ११० अंशांत असावी आणि खुर्चीच्या पाठीचा फुगवटा कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर टेकावा, असे मी लिहिले होते. व्होल्तेर खुर्ची मलाही प्रिय आहे, पण तिच्यात बसून कीबोर्डपर्यंत हात पोहोचत नाहीत, आणि पडदा पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागली, की पाठीला मिळालेले सुख मान वसूल करते. ती जेवणानंतरसाठीच ठेवावी.

आता खरेदीचे. किमतीच्या आधी माप घ्यावे, हा माझा आग्रह आजही कायम आहे. सूनबाईंना कठीण स्टुलावर अनवाणी बसवावे, मांड्या आडव्या आणि तळवे पूर्ण जमिनीवर ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईंचे हे अंतर ३८-३९ सेंटीमीटर भरू शकते, तर बाजारातल्या पुष्कळ खुर्च्या ४५ च्या खाली उतरतच नाहीत. त्यातच खुर्चीचे माप बूट घातलेला पाय धरून ठरवलेले असते आणि आपण घरात अनवाणी वावरतो. पाय लोंबकळले, की बैठकीची कड मांडीखाली रुतते, माणूस नकळत पुढे सरकतो आणि महागडी पाठ रिकामीच राहते.

यात टेबलही गुन्हेगार आहे. बहुतेक टेबले ७५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात. खुर्ची पायांच्या मापाने खाली घेतली तर खांदे उचलून टंकावे लागते. तेव्हा टेबल कापता येत नसेल, तर कोपर कीबोर्डच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्यावी आणि पायांखाली लाकडी पाट ठेवावा. तो गावातला सुतार करून देईल आणि खुर्चीला जोडलेल्या डोक्याच्या उशीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. खुर्चीची बैठक किती खोल आहे, हेही पाहावे: पाठ टेकून बसल्यावर कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटे राहिली पाहिजेत.

किमतीविषयी मी आपल्याशी बराचसा सहमत आहे, फक्त स्वस्तातली चकचकीत ‘बॉस’ खुर्ची घेऊ नये. तिचे कातडे बहुधा पॉलियुरेथेनचे असते, हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बंधने तुटतात आणि काही पावसाळ्यांत कपड्यांना काळे पापुद्रे चिकटू लागतात. किनाऱ्याजवळ घर असेल तर चाकांच्या दांड्यांना गंजही चढतो. त्यापेक्षा एखाद्या बंद होणाऱ्या ऑफिसातली जुनी, जाळीची खुर्ची पाहावी. ती पूर्ण वर घेऊन दहा मिनिटे बसून राहावे. हळूहळू खाली येऊ लागली तर खुर्ची वर-खाली करणाऱ्या सिलिंडरमधला नायट्रोजन गळतो आहे असे समजून नव्या सिलिंडरची रक्कम कमी करून मागावी, कारण सिलिंडर बदलता येतो. मोझाइक किंवा टाइल्सची जमीन असेल तर चाके मऊ धावेची घ्यावीत.

आपण शेवटी थेट विचारले आहे, की कोणती खुर्ची घ्यावी. सूनबाईंच्या गुडघ्याचे वरील माप आणि त्यांच्या टेबलाची उंची, एवढे दोन आकडे कळवलेत तर मी निश्चित उत्तर देऊ शकेन.