एका बंदरात एकच गोष्ट

क्रूझ बुक करणारी मंडळी जहाजाचा अभ्यास अगदी बारकाईने करतात. केबिन कितव्या मजल्यावर आहे, बाल्कनी मिळेल का, पोहण्याचे तलाव किती, सगळं तोंडपाठ असतं. बंदरांची मात्र नुसती नावं वाचून पुढे जातात. मला हे फार खटकतं. जहाज आतून सगळीकडे सारखंच असतं. मेक्सिकोतलं कोझुमेल, क्युरासाओचं विलेमस्टॅड, पोर्तो रिकोचं सान हुआन ही गावं मात्र जगात एकेकच आहेत आणि तिथे आपल्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. म्हणून कॅरिबियनला निघालेल्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते की एका बंदरात एकच गोष्ट ठरवा, तीच मनसोक्त बघा आणि बाकीच्याचा मोह सोडा.

हे का, ते तासांचा हिशोब मांडला की कळतं. कार्यक्रमात ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असं छापलेलं असतं. वाचताना नऊ तास वाटतात. पण जहाज धक्क्याला लागलं म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. आधी तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळावी लागते, मग हजारो लोक एक-दोन दरवाजांतून बाहेर पडू लागतात. परतीच्या बाजूला, जहाज सुटायच्या अर्धा ते एक तास आधी सगळे वर चढलेले असावे लागतात. त्याच्याही आधीचा एक तास आपण स्वतःहून मोकळा ठेवायचा, कारण टायर पंक्चर होतो, रस्ते तुंबतात. नऊचे सहा तास उरले. जाण्यायेण्यात आणखी दोन-तीन गेले तर हातात काय राहतं?

काही ठिकाणी तर धक्काच नसतो. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनला मोठी जहाजं समुद्रातच उभी राहतात आणि लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर जावं लागतं. बेलीझ सिटीजवळचा समुद्र इतका उथळ आहे की जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब थांबतं आणि बोटीचा प्रवासच वीसेक मिनिटांचा होतो. त्यात बोटीसाठीची रांग वेगळी, आणि परतताना पुन्हा तीच रांग, तीही उन्हात. कार्यक्रमात नावापुढे ‘टेंडर’ असं लिहिलेलं दिसलं की त्या दिवसाचा बेत तिथल्या तिथे निम्मा करून टाकावा.

घड्याळाचंही नीट समजून घ्या. कोझुमेल बेट मेक्सिकोच्या ज्या राज्यात आहे त्या किंताना रूने २०१५ मध्ये आपली प्रमाणवेळ बदलली आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. फ्लोरिडात करतात. त्यामुळे उन्हाळ्यात फ्लोरिडाहून निघालेलं जहाज फ्लोरिडाचीच वेळ पाळत असेल, तर ते बेटाच्या एक तास पुढे असतं. मोबाइल आपोआप बेटाची वेळ दाखवू लागतो. तुमच्या मोबाइलवर चार वाजलेले असतात आणि जहाजावर पाच! साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावं आणि दिवसभर त्याच्याकडेच बघावं. दरवाजातून बाहेर पडताना तिथला फलक नजरेखालून घाला. परतीची वेळ त्यावर लिहिलेली असते.

आता ‘एकच गोष्ट’ म्हणजे नेमकी कुठली? लोक इथे सर्वांत प्रसिद्ध नाव निवडतात आणि माझ्या मते दिवस वाया घालवतात. कोझुमेलला उतरून चिचेन इत्झा हे माया लोकांचं प्राचीन शहर गाठायचं म्हणजे आधी फेरीने मुख्य भूमीवर जायचं, तिथून बसने सुमारे अडीच तास, आणि तेवढंच परत. इतक्या भव्य जागेला सारखं घड्याळाकडे बघत भेट द्यायची हे मला पटत नाही. ती जागा वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवा. त्याच बेटावर सान हेर्वासिओ आहे, माया लोकांच्या इश्चेल या देवीचं जुनं तीर्थस्थान. तिथे चिचेन इत्झासारखा उत्तुंग पिरॅमिड नाही, पण झाडीतल्या दगडी वाटांवरून शांतपणे हिंडता येतं. आणि समुद्रात बघायचं असेल तर याच बेटाभोवतीची प्रवाळं जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवाळरांगेचा भाग आहेत. त्यासाठी लांब जावंच लागत नाही.

सेंट लुशियातही हेच. जहाज लागतं कॅस्ट्रीजला, उत्तरेकडे, आणि सगळ्यांना बघायचे असतात ते पिटॉन डोंगर दक्षिणेकडे. रस्ता घाटाघाटांचा, वळणांचा. तिथे मी डोळे झाकून बोटीची सफर घ्यायला सांगते. किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना ते दोन सुळके समुद्रातून सरळ वर आलेले दिसतात, आणि जाणं हेच बघणं होऊन बसतं.

उलट काही बंदरं अशी आहेत की तिथे बस, टॅक्सी, पॅकेज यातलं काहीच लागत नाही. सान हुआनला बहुतेक जहाजं जुन्या गावाला अगदी लागून उभी राहतात. निळसर फरशांच्या गल्ल्यांतून चढत गेलात की एल मोरो किल्ला येतो. स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये तो बांधायला घेतला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला. विलेमस्टॅडला होड्यांवर तरंगणारा क्वीन एम्मा पूल आहे, १८८८ सालचा. मोठी बोट आली की तो अख्खा पूल बाजूला सरकतो आणि लोक काठावर थांबून बघत राहतात. तोवर पलीकडे नेणारी फेरी फुकट असते. अशा गावात सकाळभर नुसतं चालावं, बाकावर बसावं, पुन्हा चालावं.

बहामाजची राजधानी नसाऊ, तिच्याबद्दल ‘तिथे काही नाही’ असं ऐकून लोक जहाजावरच थांबतात. मला याचं वाईट वाटतं. धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर क्वीन्स स्टेअरकेस हा दगडी जिना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलाम केलेल्या माणसांनी अखंड चुनखडी हाताने फोडून तो मार्ग खोदला. दोन्ही बाजूंच्या उंच कातळभिंतींमध्ये उभं राहिलं की या बेटांचा इतिहास पुस्तकापेक्षा लवकर कळतो. आधी तिथे जा, समुद्रकिनारा नंतर.

बंदरातली सफर जहाजाकडून घ्यावी की स्वतः ठरवावी, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत सरळ आहे: लांब जायचं असेल तर जहाजाची, जवळ असेल तर स्वतःची. जहाजाच्या सफरीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचवते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढचा सगळा खर्च तुमचा. म्हणून सेंट मार्टेनला माहो किनाऱ्यावर डोक्यावरून उतरणारी विमानं बघायला स्वतः जात असाल, तर वाटेतला सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडतो आणि गाड्या खोळंबतात हे लक्षात ठेवूनच परत निघा. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि पासपोर्टच्या पानाचाही.

खरेदीबद्दल फार बोलत नाही. जहाजावरच्या ‘शॉपिंग टॉक’मध्ये ज्या दुकानांची नावं घेतात, ती त्या जाहिरातीसाठी पैसे मोजतात, एवढं माहीत असलेलं बरं. धक्क्यालगतची चकचकीत दागिन्यांची दुकानं बंदरागणिक तीच ती दिसतात. तेच पैसे तिथल्या गाइडला, बोटवाल्याला दिले तर गावाकडे जातात आणि आपल्याला गोष्टी ऐकायला मिळतात.

ऊन हा तिथला खरा मालक आहे. चालायचं ते सकाळी, दुपारी सावली किंवा संग्रहालय. पाणी तहान लागण्याआधी प्यावं. वयस्कर आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर बेत आणखी छोटा करा, त्यांच्या मागे घाई लावू नका. सनस्क्रीन घेताना घटक वाचा. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे, कारण प्रवाळांना त्याचा त्रास होतो. प्रवाळावर पाय ठेवणं तर कुठेच चालत नाही, तो सजीव आहे. बार्बाडोससारख्या काही देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे, मुलांच्या बॅगाही तपासा.

आणि व्हिसा. प्रत्येक बंदराचा देश वेगळा, नियम वेगळे. कागद अपुरे असतील तर मुळात जहाजावरच चढू देत नाहीत, तेव्हा थांब्यांची यादी हातात घेऊन एकेका देशाचे नियम बुकिंगआधीच बघा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम. या काळात कप्तान एखादं बंदर वगळू शकतो, क्रम बदलू शकतो. स्वतः ठरवलेल्या सफरीत ‘जहाज न आल्यास पैसे परत’ ही अट असेल तरच पैसे भरा.

बुकिंगच्या वेळी मी जहाजाच्या फोटोंआधी थांब्यांच्या वेळा बघायला सांगते. सकाळी ७ ते दुपारी १ असा थांबा असेल तर मी त्याला बंदर धरतच नाही. चार नावं कमी असली तरी चालतील, पण जिथे जहाज रात्री उशिरापर्यंत किंवा मुक्कामाला थांबतं असा मार्ग निवडा. संध्याकाळी बाकीची जहाजं निघून जातात, ऊन उतरतं आणि गाव आपल्या लोकांचं होतं. सान हुआनच्या गल्ल्यांत दिवसा फिरणं आणि रात्री आठ वाजता फिरणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि त्यासाठी मी दोन जादा बंदरं आनंदाने सोडेन.